दोन फेऱ्यांमागे एक स्फोट

राष्ट्रीय छात्र सेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी उभी राहिली तेव्हा तिची दोनच स्क्वॉड्रन होती, एक मुंबईत आणि दुसरं कलकत्त्यात. तेव्हापासून मुंबईच्या कॉलेजांतली मुलं एअर विंगमध्ये जे शिकत आली त्यात कवायत आहे, रायफल आहे आणि मॉडेल विमानही आहे. देशभरच्या कॅडेटांचं वायु सैनिक शिबिर भरतं तेव्हा मॉडेल विमानांच्या स्पर्धेत एक प्रकार तारेवर उडणाऱ्या विमानाचा, म्हणजे कंट्रोल-लाइनचा असतो. मैदानात इंजिनाचा कर्कश आवाज, एरंडेल जळल्याचा वास, मधोमध हँडल धरून गरगर फिरणारा मुलगा, आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारं छोटं विमान. ज्यांनी हे एकदा पाहिलंय ते विसरत नाहीत.

दाटीवाटीच्या शहराला मानवणारा हा खेळ आहे. विमानाच्या आतल्या बाजूच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि चालकाच्या हातातल्या हँडलला येऊन मिळतात. हँडल कललं की एक तार ओढली जाते, विमानाच्या पोटातला बेलक्रँक नावाचा छोटा तुकडा फिरतो, शेपटीवरची पट्टी हलते आणि विमान चढतं किंवा उतरतं. डावं-उजवं वळण्याचा प्रश्नच नाही, तारा त्याला वर्तुळात बांधून ठेवतात. अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकरनं १९४० च्या सुमारास ‘फायरबॉल’ नावाचं मॉडेल विकायला काढून ही पद्धत घरोघरी पोचवली आणि तिचं पेटंटही घेतलं. १९५५ साली ते पेटंट न्यायालयात टिकलं नाही, कारण त्याच्या आधी ओबा सेंट क्लेअरनं तशी विमानं उडवल्याचं पुढे आलं. खेळ मात्र तोवर जगभर पसरला होता.

या खेळाची एक शाखा निव्वळ वेगाची आहे. ना कसरती, ना झुंज. ठरलेलं अंतर सर्वांत कमी वेळात कापायचं, इतकंच. आंतरराष्ट्रीय नियमांत या गटाला एफ-टू-ए म्हणतात. इंजिन जास्तीत जास्त २.५ सीसीचं, म्हणजे अर्ध्या चमच्याएवढ्या पोकळीचं. तारांची लांबी १७.६९ मीटर, क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही थोडी आखूड. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे: या त्रिज्येच्या वर्तुळाच्या नऊ फेऱ्या बरोबर एक किलोमीटर भरतात. आजची चांगली विमानं हा किलोमीटर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं कापतात. म्हणजे एक फेरी १.३३ सेकंदात आणि सगळा खेळ बारा सेकंदांत आटोपतो.

शेतात पाखरं हाकायला फिरवलेल्या गोफणीत दगड जसा दोरी ताणून धरतो, तसं हे विमान तारा ताणतं. त्रिज्या १७.६९ मीटर आणि वेग सेकंदाला ८३ मीटर असला की ओढ विमानाच्या वजनाच्या चाळीसपट होते. अर्ध्या किलोचं विमान हाताला २० किलोनं खेचतं, तेही चालक १.३३ सेकंदात स्वतःभोवती एक गिरकी घेत असताना. सुरुवातीच्या काळात चालक हात विमानाच्या पुढे ठेवून, तारांना जणू हाकत वेग वाढवायचे. तो प्रकार थांबावा म्हणून वर्तुळाच्या मधोमध खांब आला. खांबाच्या डोक्यावर फिरणारी दुबेळकी असते, तिच्यात मनगट टेकवलं की मगच घड्याळ सुरू होतं. तिथून पुढे विमानाचा वेग फक्त इंजिनाचा.

विमानही या एकाच कामासाठी घडवलेलं. आतल्या बाजूचा पंख लांब, बाहेरचा अगदी तोकडा किंवा नाहीच. चाकं नाहीत, ते एका छोट्या गाडीवरून धावतं, गाडी जमिनीवर राहते आणि उतरताना पोटावर घसरतं. प्रॉपेलरला पातं एकच, समोर तोलासाठी छोटंसं वजन. इंधनाचाही नियम आहे: ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, बाकी काही मिसळायचं नाही. आणि या नियमांमध्ये एक ओळ नाही, जिच्यावर हा सगळा लेख उभा आहे. इंजिन टू-स्ट्रोक असावं की फोर-स्ट्रोक, हे नियम सांगतच नाहीत. २.५ सीसीच्या आत काहीही चालेल. तरीही त्या खांबाभोवती फोर-स्ट्रोक दिसत नाही.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक हे शब्द मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाहीत. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० या दोन्ही मोटारसायकली आपल्याकडे आल्या. सीसी जवळजवळ सारखेच. परळ-लालबागच्या गॅरेजांत या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि तिथल्या पोरांनी फरक कानानं, नाकानं आणि पेट्रोलच्या खर्चानं शिकून घेतला. आरएक्स पळायची, धूर सोडायची, पेट्रोल प्यायची. सीडी गुमान चालायची, कमी प्यायची आणि तिचे टॅपेट वाजायचे. मॉडेल विमानाच्या इंजिनात हाच फरक शंभरपट तीव्र होऊन समोर येतो.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली गेला आणि वर आला की एक चक्र पुरं. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण आत ओढणं, दाबणं, पेटवणं आणि जळका वायू बाहेर ढकलणं या चार कामांना चार वेगळे टप्पे लागतात, म्हणून दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. सीसी समान आणि फेऱ्यांचा वेग समान असेल तर फोर-स्ट्रोक ठरावीक वेळात निम्म्याच वेळा पेटतं. प्रत्येक स्फोटातून ते थोडं जास्त काम काढतं, कारण श्वास पूर्ण घेतं आणि पूर्ण सोडतं. पण निम्म्याची तूट तेवढ्यानं भरून निघत नाही.

त्यात व्हॉल्व्हची अडचण. एफ-टू-एचं टू-स्ट्रोक इंजिन हवेत मिनिटाला ४० हजारांच्या वर फेऱ्या घेतं. त्याला स्प्रिंगवर उघडझाप करणारे व्हॉल्व्हच नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टन स्वतः उघडतो आणि झाकतो. फोर-स्ट्रोकला इतकं पळवायचं म्हटलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेतीनशे वेळा उघडून परत बसायला हवा. स्प्रिंगला तेवढी उसंत मिळत नाही. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर बसण्याआधीच पुढची उचल येते, तो तरंगत राहतो, दाब निसटतो आणि एखाद वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. फॉर्म्युला वनच्या इंजिनियरांनी पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा वापरून २००६ साली मिनिटाला २० हजार फेऱ्या गाठल्या, त्याही जगातल्या सर्वांत महागड्या कारखान्यांत. छोट्या मॉडेलच्या फोर-स्ट्रोकची रोजची मजल दहा-बारा हजारांची.

टू-स्ट्रोकच्या हातात आणखी एक हुकमी पान आहे. अमेरिकेच्या बिल विस्निएव्स्कीनं १९६६ साली इंग्लंडमध्ये स्विंडरबी इथं जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या इंजिनामागे एक लांब, पोटाशी फुगलेली आणि शेपटीकडे निमुळती नळी होती. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लाट या नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. नळीची लांबी आणि इंजिनाची गती यांचा मेळ जमला की इंजिनाचा सूर एकदम वर चढतो आणि विमान जोर धरतं. ही नळी टू-स्ट्रोकच्या मूळ दोषावरच पोसते, कारण त्याची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची भोकं काही काळ एकत्र उघडी असतात. फोर-स्ट्रोकमध्ये ती गळती नाही, म्हणून नळीचा फायदाही थोडाच.

मग फोर-स्ट्रोकजवळ काय आहे? जोर आहे, ज्याला टॉर्क म्हणतात तो. कमी फेऱ्यांत मोठा, जास्त पिचचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, ते फिरवू शकतं. पिच म्हणजे एका फेरीत पंखा हवेत जितका पुढे सरकायला हवा ते अंतर. मिनिटाला ४२ हजार फेऱ्यांवर ताशी ३०० किलोमीटर गाठायचे तर हवेतली घसरण सोडून पंख्याला १२ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच इंच पिच पुरते. तोच वेग १२ हजार फेऱ्यांवर हवा असेल तर पिच साधारण ४२ सेंटिमीटर हवी, सोळा इंचांहून जास्त. इतक्या उभ्या कोनाची पाती जमिनीवर उभ्या विमानात हवा नुसती घुसळतात, पकडत नाहीत. विमान निघतच नाही. आणि निघालंच तर वेग धरेपर्यंत चालकाला तारांनी ओढत न्यावं लागतं. पंख्याचा व्यास वाढवावा तर तो जमिनीला टेकतो. अशा कोंडीत फोर-स्ट्रोक सापडतं.

आता माझं म्हणणं सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिन वेगाच्या वर्तुळातून बाहेर पडलं ते कमअस्सल म्हणून नव्हे, तर नियम पोकळी मोजतो म्हणून. २.५ सीसीची पोकळी दर फेरीला भरणारं इंजिन आणि दर दोन फेऱ्यांनी भरणारं इंजिन एकाच तागडीत घातलं तर निकाल आधीच लागलेला असतो. मोटारसायकलींच्या शर्यतीत हेच घडलं. होंडानं १९७९ साली ५०० सीसीच्या गटात लंबगोल पिस्टनचं आणि बत्तीस व्हॉल्व्हचं एनआर ५०० हे फोर-स्ट्रोक इंजिन उतरवलं. तंत्रज्ञानाचा तो एक चमत्कार होता, पण टू-स्ट्रोकपुढे त्याला एकही जागतिक शर्यत जिंकता आली नाही. २००२ साली नियम बदलले, टू-स्ट्रोकला ५०० आणि फोर-स्ट्रोकला ९९० सीसी अशी मुभा मिळाली, आणि एका मोसमातच पारडं पूर्ण फिरलं.

मॉडेल विमानांतही हा प्रयोग झालेला आहे. जपानच्या ओएस कंपनीनं १९७६ साली एफएस-६० हे १० सीसीचं फोर-स्ट्रोक बाजारात आणलं. मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं आधुनिक मॉडेल फोर-स्ट्रोक. पाठोपाठ १९७९ साली सायतोचं एफए-३० आलं, साधारण ५ सीसीचं. रेडिओवरच्या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय गटात टू-स्ट्रोकला १० सीसी असताना फोर-स्ट्रोकला २० सीसीची सवलत दिली गेली आणि वरच्या फळीतले चालक फोर-स्ट्रोककडे वळले. यामादा यांच्या वायएस इंजिनांनी तर पिस्टनच्या खालच्या बाजूचाच पंप केला. पिस्टन दर फेरीला खालून हवा दाबतो, पण स्फोट दोन फेऱ्यांमागे एक. म्हणजे एका स्फोटाला दोन श्वास मिळतात. ज्या कल्पकतेनं टू-स्ट्रोकची नळी जन्मली, तिच्याच तोडीची ही कल्पकता आहे. कंट्रोल-लाइनच्या कसरतींमध्येही सायतोची इंजिनं आवडीनं वापरतात, कारण विमान चढताना-उतरताना ती एकसारखा जोर देतात. वेगाच्या वर्तुळात मात्र अजून पोकळीचाच हिशेब.

सीसी दुप्पट दिले की सगळं समान होईल असंही नाही, आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. विमानाचा वेग ज्यात सर्वाधिक खर्ची पडतो तो अडथळा विमानाचा नसतो, तारांचा असतो. ०.४ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा, प्रत्येकी १७.६९ मीटर. हवेला सामोरं जाणारं त्यांचं क्षेत्रफळ मिळून १४० चौरस सेंटिमीटर. हाताजवळची तार जवळजवळ स्थिर असते, विमानाजवळची विमानाइतक्याच वेगानं कापत जाते. त्यामुळे विमानाला मागे खेचण्यात तारेच्या बाहेरच्या अर्ध्या भागाचा वाटा सोळात पंधरा इतका येतो. सगळं जमेस धरलं तर सुबक, घोटीव विमानापेक्षा या दोन तारांचं ओझंच जड भरतं. आता फोर-स्ट्रोकला ५ सीसी दिले. इंजिन जड झालं, विमान मोठं झालं, ओढ वाढली, म्हणजे तारा जाड हव्यात. तार जाड झाली की अडथळा वाढला. दुप्पट पोकळीतून मिळालेल्या शक्तीचा काही भाग पोलादाची ती जास्तीची जाडीच गिळते. म्हणून सवलत किती द्यावी हे कागदावर ठरत नाही, उडवून पाहावं लागतं.

दादर-परळच्या दृष्टीनं आवाजाचा मुद्दा यापेक्षा निकडीचा आहे. मिनिटाला ४२ हजार फेऱ्या घेणारं टू-स्ट्रोक सेकंदाला ७०० स्फोट करतं. तो सूर कानात सुईसारखा शिरतो. मिनिटाला १२ हजारांवरचं फोर-स्ट्रोक सेकंदाला १०० स्फोट करतं. त्याचा सूर खर्जातला, गुरगुरणारा, कानाला कमी बोचणारा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० साली शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. तिथं कुठलंच ज्वलन-इंजिन सुरू करू नये, फोर-स्ट्रोकही नाही. सकाळी क्रिकेटची नेटं आणि चालणारी वयस्कर मंडळी असलेल्या मैदानात पोलादी तारा फिरवणं एरवीही गुन्ह्यासारखंच. पण शहरातल्या ज्या बंदिस्त मैदानात परवानगी मिळू शकेल तिथं शेजारच्या चाळीतून तक्रार येते की नाही, हे आवाजाच्या जातीवर बरंच अवलंबून असतं.

मुंबईची हवा या इंजिनाची परीक्षा घेते. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. जून ते सप्टेंबर डबा अर्धवट बंद राहिला तर आतलं इंधन हळूहळू पाणचट होतं आणि इंजिन तापल्यावर विनाकारण खोकत बंद पडतं. डबा काठोकाठ भरलेला आणि घट्ट बंद ठेवणं हाच उपाय. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. शाळकरी मुलांच्या हातात ते एकट्यानं देऊ नये. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टची बेअरिंग पिस्टनच्या कडेनं झिरपणाऱ्या तेलावरच जगतात. त्याच वाटेनं ज्वलनातलं पाणी आणि आम्लही खाली उतरतं. गिरगाव-दादरच्या खाऱ्या हवेत ते इंजिन तसंच ठेवलं तर बेअरिंगला गंज चढतो. म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की टाकी रिकामी करून, इंजिन थांबेपर्यंत चालवून, क्रँककेसच्या नळीतून हलकं तेल सोडायचं आणि पंखा हातानं फिरवून ते सगळीकडे पोचवायचं. एरंडेल तापलेल्या भागाचं उत्तम रक्षण करतं, पण जळून त्याचा पिवळा-तपकिरी थर व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. फोर-स्ट्रोकला त्यात कृत्रिम तेलाची भर घातलेली बरी.

टॅपेट लावणं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, हे या इंजिनाचं खरं कौशल्य आहे. इंजिन थंड असताना वरचं झाकण काढायचं, दोन चिमुकले रॉकर समोर येतात. पंखा हातानं फिरवून पिस्टन दाबाच्या टप्प्यात वर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. मग रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात जाडीमापाची पट्टी सरकवायची. फट ०.०४ ते ०.१ मिलिमीटर हवी. वरची मर्यादा म्हणजे साध्या कागदाची जाडी. नट सैल करून स्क्रू किंचित फिरवायचा, पट्टी अडखळत सरकली पाहिजे, मग स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट बदलते. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि शक्ती जाते. फट उरलीच नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो. परळ-लालबागच्या गॅरेजातला कुठलाही कारागीर हे काम मोटारसायकलवर रोज करतो. त्याच्या हातात हे इंजिन दिलं तर शिकवावं लागेल ते फक्त आकाराचं. नागदेवी स्ट्रीटवर जाडीमापाच्या पट्ट्या मिळतात, बारीक अ‍ॅलन चाव्या मिळतात, बेअरिंगही मापानं मिळतात. या शहरात जे लागतं त्यातलं बरंच आहे.

म्हणून मला वाटतं, मुंबईच्या कॅडेटांसाठी आणि इंजिनियरिंगच्या मुलांसाठी फोर-स्ट्रोकचा वेगळा वेगगट असावा. तारा १७.६९ मीटर, फेऱ्या नऊ, इंजिन ५ सीसीपर्यंतचं आणि बाजारात मिळतं तसंच. चाकं पक्की, सायलेन्सर सक्तीचा, लांब नळी नको. अंदाज मांडून पाहू. मिनिटाला ११ हजार फेऱ्या आणि साडेनऊ इंच पिच असेल तर घसरण सोडून वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात जातो. फेरी अडीच सेकंदांची होते, चालकाला भोवळ येत नाही, किलोमीटर साडेबावीस सेकंदांत पुरा होतो. एक किलोच्या विमानाची ओढ सव्वाअकरा किलोच्या आसपास येते, जी सराव केलेला मुलगा सहज पेलतो. आणि दोन संघांमधला फरक ज्यात पडेल ते टॅपेट, पंख्याची निवड, तारांची मांडणी आणि विमानाची सफाई असेल, परदेशातून मागवलेली महागडी खास इंजिनं नव्हेत.

जागा म्हणून ५० मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ पुरतं, पण भोवती जाळी हवी आणि जाळीबाहेर प्रेक्षक. वर विजेची तार नको. दादर-परळला रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांच्या आसपास तर हा खेळ नकोच, कारण नियंत्रणाच्या तारा पोलादाच्या असतात आणि त्यांचं दुसरं टोक माणसाच्या मुठीत असतं. पोलिसांची परवानगी आधी काढायची, कारण शहरात उडणाऱ्या साधनांवर वेळोवेळी बंदीचे आदेश निघत असतात. हँडलचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. आणि प्रत्येक उड्डाणाआधी विमान धरून ठेवून हँडल स्प्रिंगकाट्यानं ओढायचं. अपेक्षित ओढ सव्वाअकरा किलोची असेल तर काटा २५ किलोपर्यंत न्यायचा, आणि तारांची गाठ, बेलक्रँकचा खिळा किंवा हँडल यांपैकी काहीही किंचित जरी सरकलं तरी त्या दिवशी ते विमान उडवायचं नाही.